दोनशे दहा पावलांचा फलाट

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये सोल्डरिंग करत बसले होते. आमच्याकडे कुणाचा घरचा फोन आला की रिसेप्शनवरची मुलगी काचेवर टकटक करते, तशी तिने केली. पलीकडे सुमित्राअक्का होत्या, अण्णांच्या पत्नी. त्यांच्याकडे माझा ऑफिसचा नंबर आहे हेही मला ठाऊक नव्हतं. "नीला, अगं हे गेले," त्या म्हणाल्या. "सकाळी. अंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं मी..." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला, परत जागेवर जाऊन बसले आणि राहिलेले तीन सांधे सोल्डर करून टाकले. नीट, एकही थेंब इकडेतिकडे न सांडता. मग उठले. ह्याची मला अजून लाज वाटते. इलेक्ट्रॉनिक सिटीहून जे. पी. नगरला पोचायला तेव्हा दोन बस बदलाव्या लागायच्या, आणि त्या अख्ख्या वाटेत मला रडू आलं नाही, नुसता संताप येत होता. स्वतःचा. ह्या माणसाचा फलाट मी मोडायला लावला होता. तो परत होता तसा बसवू या, एवढं एक वाक्य त्यांना सांगायला मला वर्षभर जमलं नाही. आणि आता सांगणार कुणाला, डोंबल?

अण्णा म्हणजे गुरुनाथअण्णा. नात्याने माझे कुणी नव्हेत. धारवाड-बेळगावच्या मधल्या पट्ट्यातले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले. मी पुण्याहून नोकरीसाठी नवीनच आले होते आणि एस. पी. रोडवर सुटे भाग घ्यायला गेले होते. शेजारच्या काउंटरवर एक उंच, किडकिडीत गृहस्थ टेपरेकॉर्डरच्या जुन्या मोटरी एकामागून एक चालवून बघत होते आणि दुकानदाराच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या. पाचवी मोटर हातात घेऊन ते स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "हीसुद्धा घोड्यासारखी पळायलीय." कुणी चुकीचं काही करताना दिसलं की माझ्या जिभेला खाज सुटते, आईने ह्यापायी मला लहानपणी पुष्कळ धपाटे घातलेत. मी म्हटलं, "अहो, मोटर बदलून काय होणार? करंट तोडून तोडून द्या, हवी तेवढी सावकाश फिरेल." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुणे का?" "हो." "तरीच. न विचारता सांगितलंत." मी फणकारून निघणार तेवढ्यात त्यांनी तो लांबलचक हात पुढे केला आणि म्हणाले, "सांगितलंच आहे तर आता करूनपण द्या की. घरी इंजिन आहे माझ्याकडे. रविवारी कॉफीला या."

घरी इंजिन आहे म्हणजे काय असेल, ह्याची उत्सुकता होती म्हणून मी गेले, खोटं कशाला बोलू? माझ्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडेच त्यांचं घर निघालं. मागच्या खोलीत भिंतीलगत, छातीएवढ्या उंचीवर, तीन फळ्या एकमेकींना बोल्टने जोडून बसवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर एक अख्खं स्टेशन उभं होतं. मावीनकट्टी. मीटरगेजवरचं एक आडबाजूचं स्टेशन, जिथे दिवसाला चार गाड्या थांबायच्या आणि उतरणाऱ्यांत माणसांपेक्षा शेळ्या जास्त असायच्या. खरं स्टेशन सत्त्याऐंशी पटीने लहान केलेलं. कौलारू इमारत, तिकिटाची खिडकी, कंदिलांचे खांब, हात वर-खाली होणारे सिग्नल आणि एका टोकाला सांधेवाल्याची केबिन. अण्णांचे वडील तिथे सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते ठरलं की रुळांचा सांधा बदलायचा, हे त्यांचं काम. मी फळ्यांच्या कडेकडेने चालत सगळं बघून घेतलं. मग म्हटलं, "फलाट जरा लांबच वाटतो, नाही?" अण्णा एकदम खूष झाले. "लांबच होता गं. ह्या टोकाचं त्या टोकाला जायचं म्हणजे मला घाम फुटायचा."

तो फलाट किती लांब हे अण्णांना पाढ्यासारखं पाठ होतं. दोनशे दहा पावलं. त्यांचे वडील फार शिकलेले नव्हते, पण मुलाला आकडे आले पाहिजेत ही त्यांची जिद्द. पाटी घेऊन बसवायला वेळ कुठला? म्हणून ड्यूटीवर जाताना ते पोराला बरोबर घ्यायचे आणि फलाटावरून चालता चालता मोजायला लावायचे. एक, दोन, तीन... इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत सत्तर, मग उघडा फलाट, आणि दुसऱ्या टोकाच्या उतारापाशी दोनशे दहा. चुकलं की परत पहिल्यापासून. "शाळेत गेलो तेव्हा मास्तर म्हणाले शंभरापर्यंत म्हण," अण्णा सांगायचे. "मी थांबलोच नाही. दोनशे दहापर्यंत गेलो आणि तिथं गप्प झालो. मास्तरांनी विचारलं, पुढं? मी म्हटलं, पुढं फलाट संपला की." हे सांगून ते दर वेळी हसायचे आणि हसता हसता चष्मा पुसायचे. वडील लवकर वारले, ते स्टेशन सुटलं, फोटो एकही नाही. राहिली ती ही पावलं. त्यांवरूनच त्यांनी नकाशा काढला होता. पाऊल अडीच फुटांचं धरायचं, ही मोजणीची साधी रीत. त्या हिशेबाने सत्त्याऐंशी पटीने लहान केलेला फलाट बरोबर सहा फूट भरत होता.

मी त्यांना सावकाश चालणारा कंट्रोलर करून दिला आणि त्या घरातली होऊन गेले. रूळ तेवढे कारखान्यातल्या कुणीतरी जर्मनीहून आणून दिलेले, बाकी सगळं इथलंच. डबे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांचे. खडी म्हणजे समोर चाललेल्या बांधकामावरची चाळून घेतलेली कच. जमीन म्हणजे कॉफीचा वाळवलेला चोथा. त्यावरून अक्कांची रोज कुरकुर असायची, कारण अण्णा फिल्टरमधला चोथा त्या फेकायच्या आत पळवायचे आणि गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरून ठेवायचे. "माझ्या घरात माणसांपेक्षा स्टेशनला जास्त कॉफी लागते," अक्का म्हणायच्या. पावसाळ्यात त्या चोथ्याला बुरशी यायची आणि मावीनकट्टीत अवेळी हिरवळ उगवायची. अण्णा म्हणायचे, "असू दे की, ह्या वर्षी पाऊस बरा झालाय." मला पुण्याची आठवण यायची, एकटेपणाने जीव नकोसा व्हायचा, पण रविवारी सकाळी दहाला मी तिथे हजर. आठवड्याचे सहा दिवस मी त्या एका सकाळसाठी ढकलायची, असं म्हटलं तरी चालेल.

त्या खोलीचा एक नियम होता. आधी चूक, मग कॉफी. जो येईल त्याने स्टेशन निरखून एक तरी चूक काढायची, त्याशिवाय अक्कांना कॉफी आणायला हाक जायची नाही. आणि सांगितलेली चूक अण्णा पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त करून ठेवायचे, मग ती कितीही वेडीवाकडी असो. शेजारच्या एका आजोबांनी सांगितलं की कावळा शेळीएवढा झालाय, तर अण्णांनी कावळा तासून बारीक केला. मी म्हटलं की गार्डच्या झेंड्याला वारा पूर्वेचा आणि धुराला पश्चिमेचा, तर कापसाचा धूर उपटून पुन्हा चिकटवला. कधी वाद नाही, कधी राग नाही. "चूक कळली की ठेवायची नाही. कळायच्या आधीची माफ," हे त्यांचं म्हणणं. माझ्यासारख्या खवट बाईला ह्याहून चांगलं घर कुठे मिळणार होतं? जन्मात पहिल्यांदा माझ्या चुका काढण्याचं कुणी कौतुक करत होतं. मी बहकलेच थोडी.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते गाडी सोडतानाचे अण्णा. मी कंट्रोलरवर. ते फलाटाच्या दूरच्या टोकाला जायचे, गुडघे वाकवायचे आणि फळीच्या कडेवर हनुवटी टेकवायचे. एक डोळा मिटलेला. साठी उलटलेला माणूस, पांढरे केस, तोंड किंचित उघडं. "सोड," म्हणायचे, आणि मी गाडी सोडायची, इतकी सावकाश की चाकं फिरताहेत की नाही कळू नये. ती त्या लांबच लांब फलाटाला लागून त्यांच्याकडे येत राहायची, येत राहायची... आणि नाकाच्या दोन बोटं अलीकडे थांबली की ते श्वास सोडायचे. एकदा मी विचारलं, "काय दिसतं हो तिथून?" तर म्हणाले, "इथून बघितलं की अप्पा येताना दिसतात." अप्पा म्हणजे वडील. मी कंट्रोलरची वायर उगाच घट्ट केली, मला असल्या गोष्टींवर बोलता येत नाही.

मग मीटरगेज जाणार आणि तिकडे सगळीकडे ब्रॉडगेज होणार, असं ठरलं. रुंदीकरणात लहान स्टेशनं पाडतात, फलाट नव्याने बांधतात. अण्णा आयुष्यात परत कधी मावीनकट्टीला गेलेले नव्हते. मीच मागे लागले. "अण्णा, पाडायच्या आधी जाऊन मापं घेऊन येऊ. टेप मी आणते." ते टाळत होते, हे आता मला कळतं. "कशाला गं, पाठ आहे मला." मी म्हटलं, "पाठ असणं वेगळं आणि माप वेगळं." कसलं हे शहाणपण! अक्कांनी चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आम्ही हुबळीला जाऊन तिथून पॅसेंजर धरली.

सकाळचं लख्ख ऊन होतं. मावीनकट्टीला आम्ही दोघंच उतरलो. गाडी निघून गेली आणि अण्णा उतरल्या जागी उभे राहिले. इमारत तशीच होती, कौलं तीच, केबिनही होती. मी मनात म्हटलं, वा, काय हुबेहूब केलंय ह्यांनी! मग मला जाणवलं की दुसरं टोक फारच जवळ आहे. अण्णा चालायला लागले. ओठ हलत होते. टोकाला पोचले, थांबले, परत आले, परत गेले. एकशे चाळीस. दुसऱ्यांदाही एकशे चाळीस. स्टेशन मास्तर पोरगेलासा होता, त्याला त्यांनी कानडीत विचारलं, फलाट मधे कधी लहान केला होता का? तो हसला आणि म्हणाला, "काय सर, फलाट वाढवतात. लहान कोण कशाला करेल?" मी टेप धरला. साडेतीनशे फूट. अण्णांच्या नकाशात तो सव्वापाचशे फूट होता. अण्णा टेपचं दुसरं टोक हातात धरून तसेच उभे होते, आणि तो साडेतीनशेचा आकडा त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी गप्प बसले होते आणि माझं डोकं गणितात. धारवाड यायच्या आत मला सुटलं आणि मी टाळीच वाजवली. "अण्णा! तुम्ही सहा वर्षांचे होतात! ती पावलं लहान मुलाची होती हो! अडीच फूट कुठलं, दीड-पावणेदोन फूट पाऊल!" आयुष्यभर मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी कारखान्यात भांडलेला हा माणूस, पावलं कुणाची हे विचारायचंच विसरला होता. मला इतकं हसू आलं की समोरची बाई बघायला लागली. अण्णाही हसले. "होय की," म्हणाले. "मी लहान होतो." मग पुन्हा बाहेर बघायला लागले. मी आपली खुशीत, कोडं सुटलं म्हणून चपाती खात बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे तेव्हा एकदा जरी नीट बघितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

पुढच्या रविवारी मी गेले. अण्णा म्हणाले, "आधी चूक." मला दुसरी काहीही चूक सांगता आली असती. खांबाचा रंग, शेळीचे कान, काहीही. पण नाही. मी म्हटलं, "फलाट दोन फूट लांब." अण्णांनी फलाटावरून एकदा नजर फिरवली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. "सरी," ते म्हणाले, कानडीत, म्हणजे बरं. "करू दुरुस्त." आणि अक्कांना कॉफीसाठी हाक मारली. ह्या खेपेला काम एका आठवड्यात होण्यासारखं नव्हतं. बोल्ट सोडून मधली फळी काढली, दोन्ही टोकांच्या फळ्या एकमेकींना भिडवल्या, रूळ उचलून नव्याने घातले, खांबांची भोकं बुजवून नवी पाडली. सगळी अंतरं मी घेतलेल्या मापांवरून. चार-पाच महिने लागले आणि मी दर रविवारी टेप घेऊन हजर होते. कौतुकाने.

काम झालं आणि मावीनकट्टी निर्दोष झाली. आता शोधूनही चूक सापडेना. लोक बघायला यायचे आणि वा वा करून जायचे. मी गाडी सोडायला कंट्रोलरवर बसले, आणि अण्णा वाकले नाहीत. हात पाठीमागे बांधून उभ्यानेच बघत राहिले, तपासणीला आलेल्या साहेबासारखे. गाडी आली, थांबली. "बरोबर आहे," म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, खालून बघा की." "कंबर दुखायली गं." पुढच्या रविवारी कंबर, त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. महिन्याभरात मला पुरतं कळून चुकलं होतं की कंबर नाही आणि गुडघाही नाही. त्या फलाटावर आता कुणी चालत येत नव्हतं. मी माप बरोबर केलं आणि त्यांच्या अप्पांना घालवलं.

मग सांगून का नाही टाकलं? रोज ठरवायचे. अण्णा, चुकलं माझं, मधली फळी परत बसवू या, खड्ड्यात गेलं ते माप. एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते स्वतः कधी चकार शब्द बोलले नाहीत, आणि मला वाटायचं की आपण काढलं तर ते ओशाळतील. हे झालं दाखवायचं कारण. खरं कारण म्हणजे माझा ताठा. एकदा तर अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, एक सांगू?" त्यांनी इतक्या आशेने वर पाहिलं, की मी घाबरलेच. आणि मी म्हणाले काय, तर "दुसऱ्या खांबाचा दिवा मिणमिणतोय." त्यांनी मान हलवली. "बघतो." तो रविवारच होता. मंगळवारी अक्कांचा फोन आला.

तेराव्यानंतर घरातली वर्दळ ओसरली. तीन आठवड्यांनी, एका रविवारी, मी दहाच्या सुमारास पुन्हा त्या दारात उभी राहिले. मागच्या खोलीत जायचा धीर होईना, म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेले. अक्कांनी दुधाचं मोठं पातेलं नुकतंच गॅसवर ठेवलं होतं. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं, इतके महिने साठलेलं, भडाभडा. की तो फलाट लांबच बरोबर होता. की मी मोडायला लावला, त्यांना एकदाही न विचारता, की तुम्हाला तो हवाय का. की मला तो परत होता तसा बसवायचाय, तुमची परवानगी असेल तर. मधली फळी मी नवीन करीन, मला सगळं आठवतंय. अक्कांनी ओट्याच्या वर, लोणच्याच्या बरण्यांकडे बोट दाखवलं. "नवीन कशाला? ही काय."

सोडवून काढलेल्या त्या फळीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. अक्कांनी बरण्यांसाठी फळी मागितली होती, तेव्हा अण्णांनी ती आणून ठोकली होती. पालथी. वर गुळगुळीत प्लायवूड आणि खाली, ओट्याच्या बाजूला, फलाट. म्हणजे सबंध वर्षभर मी त्याच्याखाली झालेली कॉफी पीत होते! अक्का म्हणाल्या, "रोज सकाळी कॉफीला दूध ठेवलं की हे इथं येऊन उभे राहायचे. हात फळीखाली घालून. बोटं हलायची आणि तोंडानं काहीतरी चाललेलं. एकाहत्तर, बाहत्तर... मला वाटायचं जप मोजायलेत. नाहीतर झुरळं शोधायलेत. मी चिडायची गं." अक्कांनी दुधाकडे एकदा बघितलं. "दूध वर आलं की मी म्हणायची, सरका बाजूला, उतू जाईल. की हे लगेच सरकायचे."

आम्ही दोघींनी मिळून बरण्या उतरवल्या. मी स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू सोडले आणि फळी जमिनीवर उताणी ठेवली. धूळ, फोडणीचा चिकटा, आणि त्याखाली अण्णांनी सुईने ओरखडून काढलेल्या फलाटाच्या फरशा, मधला दगडी बाक. फलाटाच्या मधोमध, बोटभर रुंदीची एक वाट पडली होती. रंग झिजून खालचा पुठ्ठा चकचकीत झालेला. ती वाट फळीच्या एका कडेपासून निघत होती, बाकापर्यंत येत होती आणि तिथे संपत होती. बाकाच्या पुढे रंग जसाच्या तसा, नवाकोरा. मला अण्णा हवे होते हो. ह्या क्षणी, ह्या फरशीवर, कंबर दुखत असेल तर दुखू दे, हनुवटी टेकून बसलेले. मी तोंडावर पदर घेऊन रडले, आणि तो फोन आल्यापासूनचं माझं ते पहिलं रडणं.

अक्का रडल्या नाहीत. त्यांनी त्या झिजलेल्या वाटेवरून हळूच अंगठा फिरवला, बाकापाशी थांबवला, आणि विचारलं, "इथं किती होतात?" मी म्हटलं, "शंभर." "आणि फळी कुठं संपते?" "एकशे चाळीसला. त्याच्या पुढे तिसरी फळी, दोनशे दहापर्यंत." त्यांनी मान डोलावली. हळदीने पिवळी झालेली दोन बोटं त्यांनी बाकाच्या पुढच्या कोऱ्या रंगावर ठेवली, आधी एक टेकवलं, मग दुसरं. "एकशे एक," अक्का म्हणाल्या. "एकशे दोन." ओट्यावर दूध वर यायला लागलं होतं. मी उठले आणि गॅस बारीक केला.